उद्योगधंद्यातील सचोटी व कायदेपालन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात पौड येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी ह्या संमेलनात चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा मी त्यांना स्वच्छ सांगितले, की मी वक्ता नव्हे. माझी एकतीस वर्षे निरनिराळ्या कारखान्यांच्या कचेरीत नोंदवह्या लिहिण्यात, परवान्यांची मुदत वाढवून घेण्यात आणि निरीक्षक आले म्हणजे त्यांच्यापुढे कागद मांडण्यात गेली. अशा माणसाने संमेलनात बोलावे तरी काय? त्यावर ते म्हणाले, “तेच सांगा. आपल्या मंडळींना आता तेच हवे आहे.” विचार करता त्यांचे म्हणणे मला पटले. आपल्या स्मरणिकेच्या जुन्या अंकांतील सभासदांची यादी चाळली तर शिक्षक, कारकून, दुकानदार आणि शेतकरी हेच अधिक आढळतात. आज पिरंगुटला स्वतःचा छोटा कारखाना चालविणारे तरुण आपल्यात आहेत, हिंजवडीच्या संगणक-उद्योगात जबाबदारीच्या जागा सांभाळणाऱ्या मुली आहेत, बांधकामाचे मक्ते घेणारे आहेत. दुसऱ्याच्या हाताखाली काम करणारा आपला समाज आता दुसऱ्यांना कामावर ठेवू लागला आहे. त्याबरोबर आपल्या पापपुण्याचा हिशेबही बदलला आहे, आणि त्या हिशेबाविषयीच मला बोलावयाचे आहे.

ह्या विषयाला कचेरीच्या भाषेत ‘कम्प्लायन्स’ म्हणतात. आपण त्यास कायदेपालन म्हणू. मोठ्या कंपन्यांत त्याचे स्वतंत्र खाते असते आणि नोकरवर्गाला दर वर्षी त्याचे शिक्षण घ्यावे लागते. आमच्या सूनबाई हिंजवडीस नोकरीला आहेत. त्यांचे हे वार्षिक शिक्षण घरच्या संगणकावर चाललेले मी एकदा पाहिले. चहाला आधण आले तेव्हा त्यांनी प्रारंभ केला आणि चहा गाळून होईपर्यंत प्रमाणपत्र हाती आले. ‘मी हे सर्व वाचले व मला समजले’ ह्या शब्दांवर टिचकी मारली, की झाले. मी हसलो, तशा त्या म्हणाल्या, “बाबा, तुमच्या वेळी काय वेगळे होते?” ह्या प्रश्नाचे खरे उत्तर मला त्या दिवशी देववले नाही. ते आज ह्या सभेत देणार आहे. परंतु त्याआधी आपल्या ह्या मुळशी तालुक्यात घडलेल्या तीन गोष्टी आपणांपुढे ठेवतो. त्या तिन्ही जगजाहीर आहेत, पण त्या एका सूत्रात ओवून पाहण्याची संधी आपण सहसा घेत नाही.

पहिली गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. १९१९ साली स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने मुळा नदीवर मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरविले. घाटावर पाणी अडवावयाचे, ते कोकणात भिरा येथे सोडून वीज काढावयाची आणि ती वीज मुंबईस न्यावयाची, अशी ती योजना. मुंबईच्या गिरण्यांना विजेची गरज होती ह्यात शंका नाही, आणि योजना आखणारे अभियंते कुशल होते ह्यातही नाही. परंतु त्या पाण्याखाली सुमारे ५० गावे जाणार होती. त्या काळी १८९४ चा भूमिसंपादन कायदा अमलात होता. कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर सरकारने रीतसर कारवाई करावी, मोबदला ठरावा आणि मग जमिनीचा ताबा जावा, असा त्याचा क्रम. हा क्रम पुरा होण्यापूर्वीच कंपनीच्या माणसांनी शेतकऱ्यांच्या शेतांतून चाचणीचे चर खणण्यास प्रारंभ केला. एका शेतकऱ्याने आपल्या शेतात हे काम अडविले, तेव्हा गोऱ्या अभियंत्याने त्याच्यावर पिस्तूल रोखले, असे ह्या लढ्याच्या इतिहासात नमूद आहे.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १२०० मावळे धरणाच्या जागी जमले आणि काम बंद पडले. कंपनीने सहा महिने काम थांबविण्याचे मान्य केले. नंतर सरकारने संपादनाची वाट मोकळी करून दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट ह्यांनी सत्याग्रह पुढे चालविला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा त्याच वेळची, आणि बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली तीही ह्याच लढ्यात. १९२४ च्या अखेरीस त्यांना पकडण्यात आले व सात वर्षांचा कारावास झाला. धरण पुरे झाले आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे वाहू लागली.

ह्या इतिहासातील एका बारकाव्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. शेवटी कंपनीजवळ सर्व कागद होते. कायद्याच्या दृष्टीने व्यवहार पुरा झाला होता. तरीही तो मुळशीच्या मनात आजतागायत सलतो आहे. असे का व्हावे? एक कारण हे, की कुदळ आधी पडली आणि कागद मागून आला. दुसरे कारण अधिक खोल आहे. मोबदला ज्याच्या नावावर जमीन होती त्यास मिळाला, आणि पुष्कळ जमिनींवर नाव होते ते पुण्याच्या सावकारांचे. जमीन कसणाऱ्या कुळांच्या हाती काय पडले?

येथे मला घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या पणजोबांची थोडी सावकारी मुळशी पेट्यात होती. आमच्या जुन्या दप्तरात मोबदल्याची रक्कम पावल्याचा एक कागद आहे. मोडी अक्षर सुरेख आहे, सही ठळक आहे आणि त्यात बेकायदेशीर म्हणावे असे एक अक्षरही नाही. लहानपणी वडील तो मोठ्या अभिमानाने दाखवीत. ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळाचे नाव मात्र त्या कागदावर नाही. पाणी चढले तेव्हा ते कुटुंब कोठे गेले, हे आमच्या घरात कोणास ठाऊक नव्हते. त्याहून वाईट हे, की कोणी विचारलेही नव्हते. आपल्यापैकी आणखी काही घरांच्या दप्तरांत असे कागद निघतील. मी कोणावर दोषारोप करीत नाही. कायद्याने निर्दोष असलेला माणूसही दुसऱ्याचा ऋणी असू शकतो, एवढेच मला त्या कागदाने शिकविले.

आता त्याच उद्योगघराण्याची दुसरी बाजू पाहा. जमशेदपूरच्या त्यांच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला आणि १९२० साली कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधी निघाला. हिंदुस्थानात भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला. म्हणजे तेथे मालक कायद्याच्या तीस-पस्तीस वर्षे पुढे चालले होते. मुळशीत मात्र कंपनीची पावले कायद्याचीही वाट पाहावयास तयार नव्हती. एकाच घराण्याची ही दोन उदाहरणे आहेत. तेव्हा अमुक कंपनी चांगली, अमुक वाईट, असा शिक्का एकदा मारून चालत नाही. सचोटी ही प्रत्येक कामात नव्याने सिद्ध करावी लागते, आणि आपल्या नावाचा लौकिक जितका मोठा तितकी ती अधिक जपावी लागते.

दुसरी गोष्ट अलीकडची आहे. आपल्याच तालुक्यात, मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठी लवासा हे नवे शहर उभे राहू लागले. थंड हवेच्या ठिकाणांसाठी राज्य शासनाने १९९६ साली केलेल्या विशेष नियमांचा त्यास आधार होता. राज्याच्या पर्यावरण खात्याची २००४ सालची मान्यताही होती. रस्ते झाले, रंगीत घरे झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस काढून बांधकाम आहे त्या स्थितीत थांबविण्यास सांगितले. मंत्रालयाचे म्हणणे असे, की ह्या कामास केंद्राची पूर्वपरवानगी हवी होती आणि ती घेतलेली नाही. कंपनीचे म्हणणे असे, की राज्याची परवानगी पुरेशी होती. वर्षभर हा वाद चालला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्यास अटींवर मंजुरी मिळाली. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेत गेली. केवळ ह्या एका कारणाने ती बुडाली असे मी म्हणणार नाही. कर्ज, बाजार, इतर अनेक कारणे असतात. परंतु ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तेथे घर घेण्याचे ठरविले, त्यांना मालक आणि मंत्रालय ह्यांच्या वादातील कलमांशी काय कर्तव्य होते? ते बिचारे घनकोंच्या, म्हणजे पैसे अडकलेल्यांच्या, रांगेत जाऊन बसले.

ह्यातून आपल्या छोट्या कारखानदारांनी घ्यावयाचा बोध साधा आहे. ‘आमच्याकडे परवानगी आहे’ हे वाक्य अपुरे आहे. कोणाची, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तीन प्रश्न त्यापुढे विचारले पाहिजेत. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती नव्हे. जागेच्या मालकाशी झालेला भाडेकरार म्हणजे बिनशेती परवानगी नव्हे. गेल्या वर्षीचा परवाना म्हणजे ह्या वर्षीचा नव्हे. ‘पूर्वपरवानगी’ ह्या शब्दातील ‘पूर्व’ ही दोन अक्षरे आपण गिळून टाकतो आणि उरलेल्या शब्दावर समाधान मानतो. माझी विनंती अशी, की प्रत्येक कारखानदाराने एका मोठ्या कागदावर आपल्याला लागणारे सर्व परवाने लिहावेत, प्रत्येकापुढे मुदत संपण्याची तारीख व ते काम पाहणाऱ्याचे नाव लिहावे आणि तो कागद देवघरातील पंचांगाप्रमाणे रोज दृष्टीस पडेल असा लावावा. ह्याला वकील लागत नाही आणि खर्चही नाही.

तिसरी गोष्ट सांगताना जीभ अडखळते. ७ जून २०२१ रोजी दुपारी पिरंगुटजवळ उरवडे येथे, पाणी शुद्ध करण्याची रसायने तयार करणाऱ्या एका कारखान्यात आग लागली. १७ कामगार होरपळून मेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. देह ओळखण्यापलीकडे गेल्यामुळे त्यांची ओळख पटविण्यास रक्ताच्या नात्याची शास्त्रीय तपासणी करावी लागली. मालकांपैकी एकास अटक झाली आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला. कोण दोषी, किती दोषी, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि मी त्यात पडत नाही. मात्र त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर तो धूर पाहत असताना मला माझी एक जुनी नोंदवही आठवली, आणि सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची ही हकीकत. त्या कारखान्याचे नाव मी घेत नाही. तो दोष माझाही आहे, आणि नाव घेतले म्हणजे आपला भाग दुसऱ्याच्या पदरी टाकल्यासारखे होते. आग लागली असता कामगारांनी कसे बाहेर पडावे ह्याची रंगीत तालीम आम्ही ठराविक काळाने घ्यावयाची आणि तिची नोंद ठेवावयाची, असा नियम होता. आम्ही ती वर्षभर घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी निरीक्षक येणार असे कळले. व्यवस्थापकांनी मला बोलावले आणि फक्त एवढेच म्हणाले, “वही पूर्ण आहे ना?” त्यांनी खोटे लिही असे सांगितले नाही. त्यांना सांगावे लागले नाही. मी घरी जाण्यापूर्वी एका बैठकीत चार तालमी लिहून काढल्या. निरनिराळ्या दिवशी लिहिल्यासारखे दिसावे म्हणून दोन निळ्या शाईने लिहिल्या, दोन काळ्या. प्रत्येकीला हजर असलेल्यांची नावे घातली. त्यांतील एक कामगार कधीच नोकरी सोडून गेला होता, त्यालाही मी हजर ठेवले. निरीक्षकांनी वही पाहिली, सही केली, चहा घेतला आणि ते गेले. मला शाबासकी मिळाली.

आता त्या वहीने काय केले ते पाहा. कारखान्याच्या मागच्या बाजूस एक दार होते. त्यापुढे पुठ्ठ्यांची खोकी रचलेली असत. ती खोकी कोणी हलवीनात, कारण ते दार चार वेळा उघडले गेले आहे असे वही सांगत होती. निरीक्षकांनी विचारले नाही, वरच्या साहेबांनी विचारले नाही, विम्याच्या माणसाने विचारले नाही. सर्वांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. खोटी नोंद म्हणजे नुसते असत्य असे मी तोवर समजत होतो. ती त्याहून भयंकर वस्तू आहे. जे डोळे धोका पाहू शकले असते, त्या सर्व डोळ्यांवर ती पट्टी बांधते. नोंद कोरी असती तर कोणीतरी रागावला असता, दंड झाला असता, आणि दार उघडले गेले असते.

दोन वर्षांनी नवे व्यवस्थापक आले. ते तरुण होते. धीर करून मी त्यांना ही गोष्ट सांगितली. ते रागावले नाहीत. म्हणाले, “उद्या खरी तालीम घेऊ.” घंटा झाली, माणसे मागच्या दाराकडे धावली. खोकी बाजूला सारली, तो दाराला कुलूप. किल्ली शोधता शोधता कळले, की ती पहारेकऱ्याच्या घरी आहे आणि पहारेकरी रजेवर आहे. त्या दिवशी खरी आग नव्हती म्हणून आम्ही हसलो. मी मात्र फार वेळ हसू शकलो नाही. दोन वर्षांत खरी आग लागली नाही ह्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते, ती केवळ दैवाची कृपा होती. उरवड्याच्या बातमीनंतर कित्येक रात्री मला ते कुलूप दिसत असे.

बंधुभगिनींनो, आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यातील अनेक कुटुंबांनी घरगुती कंपन्या काढल्या आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यात भोगवटादार म्हणून एक शब्द होता. कारखान्यातील सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी त्याची. पूर्वी मोठमोठ्या कंपन्या एखाद्या पगारी अधिकाऱ्यास भोगवटादार म्हणून पुढे करीत आणि संचालक मागे राहत. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कायद्यात दुरुस्ती झाली आणि कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकीच एकास भोगवटादार मानावे असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ही दुरुस्ती उचलून धरली. आता तो जुना कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत विलीन झाला असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आहे. पुस्तक बदलले तरी संचालकाच्या खांद्यावरचे ओझे तेथेही कायम आहे.

हे मी विशेषतः भगिनींना उद्देशून सांगत आहे. आपल्यात पुष्कळांनी कर-सल्लागाराच्या सांगण्यावरून पत्नीला किंवा आईला संचालक करून ठेवले आहे. त्या माउलीने कारखान्याचे तोंडही पाहिलेले नसते. जेवणाची पाने मांडीत असता कागद पुढे येतात, “येथे सही कर” असे सांगण्यात येते आणि ती सही करते. सही करणारी व्यक्ती त्या कंपनीची संचालक आहे, स्वयंपाकघरातील पाहुणी नव्हे. भगिनींनो, वाचल्यावाचून सही करू नका. वाचून समजले नाही तर विचारा. विचारल्याने घरात अविश्वास होतो असे कोणी म्हणाले, तर हे व्याख्यान त्यास दाखवा.

स्त्रियांविषयीचा आणखी एक कायदा आपल्याला ठाऊक असला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ सालच्या विशाखा निर्णयातून पुढे २०१३ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला. जेथे दहा किंवा अधिक माणसे कामास आहेत तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष स्त्री असावी, निम्मे सभासद तरी स्त्रिया असाव्यात, आणि एक सभासद बाहेरचा असावा. समिती नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहांहून कमी माणसे असली, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. “आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहेत, समिती कशाला?” असे आपले कारखानदार म्हणतात. घरच्यासारखे आहेत म्हणूनच समिती हवी. ज्या मुलीचा मामा मुकादम आहे आणि मालक मामाचा मित्र आहे, तिने तोंड कोणापुढे उघडावे? बाहेरचा सभासद कायद्याने नेमावयास लावला आहे तो एवढ्याचसाठी.

आता थोडे आपल्या ज्ञातीविषयी. एकमेकांस साहाय्य करणे हा आपल्या मंडळाचा हेतू आहे आणि तो स्तुत्य आहे. परंतु साहाय्य कोठे संपते आणि भिडेने केलेला अन्याय कोठे सुरू होतो, ही सीमा आपण आखून घेतली पाहिजे. मी खरेदी विभागात असताना एका जवळच्या नातेवाइकाने माझ्याकडे दुसऱ्यांचे दर आधी कळावेत अशी इच्छा व्यक्त केली. मी नकार दिला. पुढे दोन वर्षे आमचे दिवाळीचे जाणेयेणे बंद होते. ज्ञातीतील एखादा मुलगा मोठ्या अधिकाराच्या जागी गेला, की त्याचा सत्कार करावा, अवश्य करावा. पण सत्काराच्या शालीबरोबर त्याच्या खिशात चिठ्ठी घालू नये. आपल्या माणसास कंत्राट द्यावयाचे असेल, तर त्याने प्रथम ते नाते वरिष्ठांना लेखी कळवावे आणि निर्णयातून स्वतः बाजूस व्हावे. एवढे केल्याने नातेही राहते आणि नोकरीही राहते.

लाचेच्या बाबतीत तर समज फारच मागासलेला आहे. “घेणारा चोर, आम्ही तर देणारे, आमची अडचण,” असे आपण म्हणतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून सरकारी नोकरास लाच देणे हाही सात वर्षांपर्यंत शिक्षेस पात्र असा स्वतंत्र गुन्हा आहे. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांस किंवा तपास यंत्रणेस कळविणाऱ्यास संरक्षण आहे. सात दिवस गेले, की अडचण हा बचाव उरत नाही. आणि कंपनीच्या फायद्यासाठी तिच्या माणसाने लाच दिली तर कंपनीही गुन्हेगार ठरू शकते. असे प्रकार होऊ नयेत म्हणून पुरेशी व्यवस्था केली होती, हे तिला सिद्ध करावे लागते. कायदेपालनाचे ते कंटाळवाणे शिक्षण अशा वेळी उपयोगी पडते. अर्थात ते खरोखर घेतले असेल तर.

शेवटी एक शब्द, तक्रार करणाऱ्या माणसाविषयी. मागचे दार बंद आहे असे एखादा हमाल सांगतो, तेव्हा आपण त्यास कटकट्या म्हणतो. हिशेबात खोट आहे असे कारकून सांगतो, तेव्हा तो घरभेदी ठरतो. माझ्या दीर्घ अनुभवाने मी सांगतो, की त्याच्याइतका मालकाचा हितचिंतक दुसरा नाही. तो बोलला नाही म्हणजे दोष नाहीसा होत नाही. तो पुढे निरीक्षकाला, न्यायाधीशाला किंवा अग्नीला सापडतो, आणि त्या वेळी त्याचे मोल फार मोठे असते.

सभेस येताना मी एक आगाऊपणा केला, त्याबद्दल अध्यक्षमहाराजांनी क्षमा करावी. ह्या सभागृहाच्या जिन्याशी जे लाल अग्निशामक नळकांडे टांगले आहे, त्यावरची चिठ्ठी मी वाचली. त्याची मुदत संपून चौदा महिने झाले आहेत. आपण आज येथे मुलाबाळांसह तीनशे माणसे बसलो आहोत. मंडळ हा नोंदलेला सार्वजनिक न्यास आहे. त्याचे हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जावयास हवेत, विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत बदलअर्ज जावयास हवा. दुसऱ्यांना उपदेश करणाऱ्या माझ्यासारख्याने आधी आपले अंगण झाडावे, म्हणून नव्या नळकांड्याचा खर्च मी आज चिटणीसांकडे देत आहे. पुढील संमेलनास प्रारंभ करण्यापूर्वी ह्या सभागृहातून बाहेर पडण्याची खरी तालीम घेण्यात यावी आणि तिची खरी नोंद ठेवावी, अशी सूचना मी मांडतो.

मुळशीच्या मावळ्यांनी जे मागितले, त्यातील बराचसा भाग पुढे कायद्याने मान्य केला. संपादनास हरकत घेण्याचा व ती ऐकली जाण्याचा हक्क १९२३ च्या दुरुस्तीने आला. २०१३ च्या नव्या कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक ठरविली, आणि बाधितांत कुळे व शेतमजूरही धरले. माझ्या पणजोबांच्या कागदावर ज्याचे नाव नव्हते, त्याचे नाव कायद्याच्या कागदावर यावयास ब्याण्णव वर्षे लागली. न्याय काय हे १९२१ साली अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना कळत होते, आणि सुशिक्षितांना केवळ कायदा कळत होता. आपल्या हाती आज जे कारखाने, जी पदे आणि ज्या सह्या आहेत, त्यांबाबत आपल्या पणतवंडांनी दप्तर उघडले असता त्यांना कागद शोधावा लागेल, पण मान खाली घालावी लागणार नाही, असे वर्तन आपणां सर्वांच्या हातून घडो.